सोळा वर्षांच्या मुलीला ग्राफिटीच्या वर्कशॉपला पाठवावं का?

पाठवा. ग्राफिटी म्हणजे भिंतीवर स्प्रे रंगानं अक्षरं-चित्रं काढणं. पण फी भरायच्या आधी आयोजकांना एक गोष्ट विचारा: मुलं स्वतःची अक्षरं काढणार, की आधीच आखून ठेवलेल्या 'स्वच्छ शहर, सुंदर शहर'मध्ये रंग भरणार? दुसरं असेल तर ती रंगारी कामाची वेठबिगारी झाली, तीही वर पैसे मोजून.

तुम्हाला भीती आहे की यातून भिंती खराब करायची सवय लागेल. मी अप्लाइड आर्ट शिकलोय आणि अशा शिबिरांत मदतीला असतो. बसस्टॉपवर बदामात बाण काढणाऱ्या पोट्ट्यांना वर्कशॉपची गरज कधीच पडली नाही.

हा प्रकार विनापरवानगीच जन्मला, हे मात्र मुलांपासून लपवू नये. न्यूयॉर्कमधला एक पोरगा 'टाकी 183' असं टोपणनाव आणि पुढे आपल्या गल्लीचा नंबर दिसेल तिथे लिहीत सुटला. 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच्यावर बातमी छापली आणि मग जो तो मार्कर घेऊन निघाला. आपल्याकडे मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा 1995 पासून आहे, मेट्रोच्या डब्यात-स्टेशनात लिहिण्याला वेगळा कायदा लागतो. म्हणून भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी दाखवायला सांगा. सोसायटीच्या सेक्रेटरींचं 'हो हो, करा ना' म्हणजे परवानगी नाही.

चांगल्या वर्कशॉपमध्ये पहिला बराच वेळ वहीतच जातो. फुगीर इंग्रजी अक्षरं यूट्यूबवर ढिगानं आहेत. देवनागरीत हात घातला की खरी मजा येते. शिरोरेषा लांब ओढून तिचा बाण करता येतो, वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर चढवता येते, आणि जोडाक्षर आलं की चांगली चांगली मुलं पेन्सिल चावत बसतात. मजकुराची चिंता करू नका. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांवरच्या, म्हणजे पुतळ्यांवरच्या, टोमणेबाज पाट्या वाचत वाढलेल्या पोरांना टोमणा मारायला काय शिकवायचं!

मग येतो स्प्रे रंगाचा कॅन. आतली गोळी खडखड वाजू लागली तरी हलवणं थांबवायचं नाही, एक-दोन मिनिटं हलवायचाच. नोझल भिंतीच्या जवळ नेलं की रेघ बारीक आणि ठसठशीत येते, लांब नेलं की कडा धुरकट होतात. हात एका जागी थबकला की ओघळ आलाच. म्हणून बोट दाबायच्या आधीच हात चालू लागलेला हवा. हे तोंडी सांगून जमत नाही, प्लायवुडच्या एका तुकड्यावर तासभर नुसत्या रेघा मारून जमतं. काम संपलं की कॅन उलटा धरून रंग येणं थांबेपर्यंत फवारायचा, नाहीतर नोझल तुंबतं. भिंत चुन्याची असेल तर आधी खरवडून प्रायमर मारलेला हवा, कारण चुन्यावरचा रंग पापुद्र्यासकट निघतो.

आता नागपूरचा उन्हाळा. कॅनवर लिहिलेलंच असतं, 50 अंशांच्या वर तापू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या आसपास असतो, मग उन्हात उभ्या कारच्या डिकीत काय होत असेल बघा. शिवाय तापलेल्या भिंतीवर रंग पोचता पोचताच सुकतो आणि खरखरीत बसतो. शिबिराची वेळ सकाळी नऊपर्यंत किंवा ऊन उतरल्यावरची असेल तरच नाव घाला. बंद हॉलमध्ये स्प्रे मारणार असतील तर नकोच.

मास्कच्या बाबतीत मी हट्टी आहे. ओढणी, रुमाल, सर्जिकल मास्क, एन-95 यातलं काहीही रंगातल्या सॉल्व्हंटची (द्रावकाची) वाफ अडवत नाही. वाफेसाठीचं कार्बन कार्ट्रिज असलेला मास्कच हवा. आणि शिबिर संपल्यावर उरलेले कॅन मोजून परत घेतात का, तेही विचारा. त्या वाफेची नशा करणारी मुलं असतात. इंग्लंडमध्ये 2003 च्या कायद्यानं सोळाच्या आतल्यांना स्प्रे पेंट विकायलाच बंदी आहे; तिथे मूळ कारण भिंतींचं होतं, पण मला हे दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं.

चौकशीसाठी सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात एक चक्कर मारा, चित्रकला महाविद्यालयाच्या मोठ्या मुलांनाही विचारा. जाताना तिला पूर्ण पँट, बंद बूट आणि पुन्हा कधी घालायचा नाही असा टी-शर्ट द्या.