कळलावीतली 'कळ' कोणती?

वसमतच्या एका वाचकाने विचारलंय: "आमच्याकडे कळलावीचं फूल घरात आणू देत नाहीत, भांडणं लागतात म्हणतात. नाव त्यावरूनच पडलं, की बाळंतपणाच्या कळांवरून?"

व्याकरणाला दोन्ही अर्थ चालतात. भांडण लावून देणारा तो कळलाव्या. नारदमुनींना तर ती पदवीच मिळालीय. दुसरीकडे बाळंतिणीला कळा 'लागतात', म्हणून त्या लावणारी ती कळलावी. हिचा कंद उगाळून पोटावर लेप द्यायची जुनी चाल होतीच. आयुर्वेदाच्या निघंटूंतही, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांतही, दोन्ही बाजूंना आधार आहे: कलिहारी, कलिकारी या नावांतला 'कलि' म्हणजे भांडण, तर 'गर्भनुत्' म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. माझा कौल भांडणाला. 'कलिकारी' आणि 'कळलावी' या दोन शब्दांची घडणच एक आहे. कळांचा अर्थ पुढे वापरातून चिकटला असावा.

मला स्वतःला मात्र तिची लांगली, हलिनी ही नावं फार आवडतात. दोन्हींचा अर्थ नांगरवाली. कंद उकरून पाहिला की पटतं: दोन फाटे, मध्ये कोन, थेट नांगराचा आकार. वेल पावसाळ्यानंतर वाळून जाते, पण कंद जमिनीत जिवंत असतो. दरवर्षी नवा कंद धरतो आणि जुना सुकतो.

कुंपणावरची वेल जवळून बघा. चढायला तिला वेगळे ताणे नाहीत. पानाचं टोकच वळून काटीला विळखा घालतं. फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या, मागे उलटलेल्या. उमलताना हिरवट-पिवळ्या, मग टोकाकडून लाल होत जातात. 'अग्निशिखा' हे नाव त्यावरूनच. स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात एका बाजूला वळते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हिला 'ग्लोरिओसा सुपर्बा', म्हणजे 'वैभवी, दिमाखदार', म्हटलं, ते या फुलाकडे पाहून शोभतंच.

खड्यानाग म्हणतात तीही हीच. काही जण हिलाच बचनागही म्हणतात, ते मात्र टाळावं. खरा बचनाग हिमालयातला, वेगळ्या कुळातला, त्याचं विषही वेगळं. कळलावीत कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांतही, आणि ते जीवघेणं आहे. तेव्हा लेप असो की काढा, घरच्या घरी काहीही करू नका.