बोलता येत नाही, पण आरती म्हणता येते, हे कसं?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या घरातले ते दिवस जसेच्या तसे डोळ्यांपुढे आले. आईंना तीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, 'पाणी' एवढा शब्दही निघत नाही. पण संध्याकाळी दिव्यापुढे त्या अख्खी आरती म्हणतात. गाण्याने वाचा परत येईल का आणि त्यांना भजनी मंडळात न्यावं का, की लोक हसतील, असं तुम्ही विचारलंय. माझ्या वडिलांचं अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी घरातल्यांना सांगा की आई हट्ट करत नाहीयेत. 'गाता येतं तर बोलायला काय होतं?' हे वाक्य आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांपैकी दर दुसरा माणूस बोलून जायचा, आणि वडिलांना सगळं कळत होतं. ऐकून ते भिंतीकडे तोंड करायचे.

बहुतेकांच्या भाषेचं मुख्य काम डाव्या मेंदूत चालतं आणि शरीराची उजवी बाजूही डावाच मेंदू चालवतो. म्हणून उजवा हात आणि वाचा अनेकदा एकदमच जातात. 1861 साली पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण तपासला. त्याला समोरच्याचं बोलणं समजायचं, पण स्वतःच्या तोंडून फक्त 'तां, तां' यायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला होता. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी अफेजिया. सूर धरायला मात्र उजवा मेंदूही लागतो. शिवाय लहानपणापासून घोकलेली आरती आपण शब्द शोधून म्हणत नाही, एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते. पाढे, वारांची नावं, शिव्याही अशाच येतात. माझ्या वडिलांना माझं नाव घेता येत नव्हतं, पण ताट पडलं तेव्हा शिवी खणखणीत आली. माझी आई त्या दिवशी आनंदाने रडली.

त्यामुळे नुसती आरती म्हणून बोलणं परत येईल अशी आशा धरू नका. आरती येते म्हणून 'पाणी दे' येत नाही, ते वेगळं शिकवावं लागतं. त्यासाठी बोस्टनमध्ये एक पद्धत तयार झाली, 1973 साली ती प्रसिद्ध झाली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोनच सुरांत, सावकाश, ताणून म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा. आधी दोघांनी मिळून, मग शिकवणाऱ्याने हळूच आवाज काढून घ्यायचा, शेवटी सूर सोडून साधं बोलायचं. यात नेमकं काम सूर करतो की ठेका, यावर जाणकारांत अजून वाद आहे. ही पद्धत वाचा-उपचारतज्ज्ञाकडूनच शिकून घ्या, कारण वाचाघाताचे प्रकार असतात. काही जण भरभर बोलतात पण त्या बोलण्याला अर्थ नसतो, त्यांच्यासाठी ही नव्हे. मुंबई जवळ असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, याच कामाची.

आता भजनी मंडळाचं. जरूर न्या. फक्त एकट्यांना गायला लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. आमच्या एका नातेवाइकाने पाहुण्यांसमोर वडिलांना 'तो अभंग म्हणून दाखवा' म्हटलं. पहिला शब्दच अडला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यानंतर आठ दिवस ते घरातही गायले नाहीत. पुढे मला मॉन्ट्रियलच्या एका अभ्यासाबद्दल वाचायला मिळालं, 2006 सालचा. वाचाघात झालेल्या 8 जणांना वाक्यं म्हणायला दिली होती. एकट्याने गाण्यात आणि एकट्याने बोलण्यात त्यांना काही फरक पडला नाही, पण दुसऱ्या आवाजाच्या जोडीने गाताना जास्त शब्द आले, जोडीने बोलण्यापेक्षाही जास्त. वाचलं आणि मंडळात काय घडत होतं ते उमगलं.

वडील तीस वर्षं टाळकरी. आजारपणानंतर देवळाकडे फिरकले नव्हते. मंडळाचे बुवा एका एकादशीला स्वतः घरी आले आणि हाताला धरून घेऊन गेले. उजव्या हाताने टाळ धरवेना, तेव्हा त्यांनी काही न बोलता डाव्या हातात चिपळी दिली. त्या दिवशी पहिले दोन अभंग लय खाली ठेवून घेतले. मी मागे बसून वडिलांच्या ओठांकडे बघत होतो. ध्रुपदाची ओळ पहिल्यांदा आली तेव्हा त्यांचा फक्त शेवटचा शब्द जुळला. सगळ्यांनी झील धरली, ओळ पुन्हा आली, अर्धी जुळली. भजनात ध्रुपद घोळवतातच, कुणाला वेगळं थांबावं लागलं नाही. सहाव्या-सातव्या वेळी ओळ पूर्ण आली, आणि वीस आवाजांत त्यांचा एक अडला तरी कुणाला ऐकू जात नव्हता.

म्हणून मंडळात आधी जाऊन बोला. सुरुवातीला लय संथ ठेवा, पट्टी आईंच्या आवाजाला झेपेल अशी घ्या, त्यांना टिपेला गाणाऱ्यांशेजारी न बसवता सावकाश गाणाऱ्या बाईंशेजारी बसवा. आणि कौतुकाच्या टाळ्या नकोत. बाकीच्यांना वाजवत नाही, तर त्यांनाच का?

घरी आम्ही तीच चिपळी वापरली. रोज सकाळी 'च-हा-दे', तीन ठेके. साडेचार महिने लागले. नंतर ठेका सुटला, वाक्य राहिलं. आजही लांब वाक्य त्यांना जमत नाही. पण एकादशीला दुपारपासूनच चिपळी उशाशी काढून ठेवतात.

तज्ज्ञांकडे जाताना आईंची आरती मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या. तिथे नव्या जागी त्या गप्प बसतील, आणि काय शिल्लक आहे ते तज्ज्ञांना ऐकायला मिळायला हवं.