गाण्यांच्या कार्यक्रमाने वस्तीतली दुफळी कमी होते का? आणि तो बसवायचा कसा?

नुसती गाणी वाजवून होत नाही. गाणं भिंतीपलीकडे सहज जातं, माणसं मागोमाग जातीलच असं नाही. प्रल्हाद शिंदे घ्या. आंबेडकरी समाजातला गायक. भीमगीतं गायले, कव्वाल्या गायले, आणि 'तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता' हे त्यांचं गाणं आजही गणपतीच्या मांडवात लागतं. त्याच महाराष्ट्रात २०१५ साली शिर्डीत भीमगीताच्या रिंगटोनवरून पेटलेल्या वादात एका तरुणाचा जीव गेला.

तुमच्या वस्तीत बौद्धवाडा, मोहल्ला आणि मंदिराची आळी अशा तीन बाजू आहेत म्हणता. मग गाण्यांची यादी एका मंडळाच्या हाती देऊ नका, प्रत्येक आळीतून दोन माणसं बसवा. अडीच तासांत निवेदन धरून २२-२३ गाणी होतात. सगळे अभंग आधी, मग भीमगीतं, मग कव्वाल्या, ही घोडचूक. ज्याचं त्याचं संपलं की ती ती माणसं चहाला उठतात ती परत येत नाहीत. सरमिसळ करा आणि गायकही बदला: कव्वाली भजनी मंडळातल्या पोराला, अभंग मोहल्ल्यातल्या गायकाला.

भजनी ठेका आणि कव्वालीतला केहरवा हे दोन्ही ताल आठ मात्रांचे, म्हणून एकच ढोलकीवाला न थांबता एकातून दुसऱ्यात नेऊ शकतो. लय मात्र हळूहळू चढवायला सांगा, एकदम झेप घेतली की कोरस मागे पडतो. पट्टी, म्हणजे गायकाचा मूळ सूर, आधी ठरवा. पुरुष पेटीच्या काळी एकमध्ये आणि बाई काळी चारमध्ये गाणार असेल तर सलग जोडू नका, मध्ये निवेदन टाका.

तालमी निदान चार, प्रत्येक वेळी वेगळ्या आळीत. माझ्या मते खरी ओळखपाळख तिथेच होते, कार्यक्रम हे निमित्त.

बिघडतं ते बहुधा शेवटच्या वीस मिनिटांत. फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतात, एका गटाला वन्स मोअर मिळतो, दुसरा घोषणा देतो. चिठ्ठ्या बंदच ठेवा, शेवटची तीन गाणी आधीच जाहीर करा. अजानच्या वेळी मध्यंतर ठेवा. लाउडस्पीकरची परवानगी आधी काढा आणि रात्री १०च्या आत आवरा. पुढची रांग पुढाऱ्यांसाठी राखू नका, तिथे सतरंज्या टाका, पोरं आणि म्हातारी माणसं बसतील.