दोघांचीही संमती असेल तर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर घटस्फोट होतो का?

नाही होत. नोटरीसमोर सह्या करून काडीमोड लिहून घेतला, तरी हिंदू विवाह कायद्यानुसार तुम्ही नवरा-बायकोच राहता. ज्या समाजात काडीमोडीची रूढी आहे आणि ती कोर्टात सिद्ध करता येते, तेवढाच अपवाद. पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना तो कागद खरा धरून दुसरं लग्न केलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे हाल बघवत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की, १४ महिने वेगळे राहताय, बायको नाशिकला माहेरी, मुलगी तिच्यापाशी, फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर आणि भांडण काहीच नाही. तुमचा रस्ता कलम १३-ब चा, म्हणजे परस्पर संमतीचा. त्याला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, ते झालंय. तुम्ही शेवटचे एकत्र पुण्यात राहिला असाल तर अर्ज इथे चालेल, नाहीतर नाशिकला. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टात उभं राहून ‘हो’ म्हणायचं. २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने माफ करायची मुभा दिली, पण त्यात अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं असं म्हटलंय. तेव्हा माफीच्या भरवशावर राहू नका, अर्ज आताच टाका.

ते सहा महिने कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात लिहून द्यायच्या अटींवर, मात्र पुरेपूर लक्ष ठेवा. ‘भांडण नाही’ म्हणणारी जोडपी तिथेच अडतात, कारण वेगळं व्हायचं एवढंच ठरलेलं असतं. ‘मुलीला सुट्टीत भेटेन’ असं मोघम लिहू नका. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० ते सायंकाळी ६, आणायला वडील जातील, सोडायलाही तेच’ इतकं स्पष्ट लिहा. शाळेची फी, आजारपण, पासपोर्टवरची सही, सगळं त्यात आलं पाहिजे. मुलीची पोटगी आईने ‘नको’ म्हणून लिहून दिली तरी मुलीचा हक्क जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फ्लॅटचा. ‘हप्ते नवरा भरेल’ हा तुमच्या दोघांतला करार झाला, बँक त्याला बांधील नाही. हप्ता चुकला की नोटीस तिलाही जाते. बँकेत अर्ज करून तिचं नाव कर्जातून काढून घ्या. फ्लॅटही दोघांच्या नावावर असेल तर तिचा हिस्सा नोंदणीकृत दस्ताने तुमच्या नावावर करा आणि ही दोन्ही कामं कधीपर्यंत करायची ती तारीख टर्म्समध्ये घाला.

हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. म्हणून एकरकमी रक्कम ठरली असेल तर काही अर्जाच्या वेळी आणि उरलेली शेवटच्या तारखेला डीडीने देण्याची पद्धत आहे. स्त्रीधन मात्र तिचंच आहे, ते कशासाठीही अडवून धरू नका.

दोघांत एकच वकील करताय हे ठीक, पण मसुदा तयार झाला की तो तिला तिच्या ओळखीच्या दुसऱ्या वकिलाला दाखवू द्या. तुम्ही स्वतःहून सुचवलंत तर फारच चांगलं. कोर्टातले समुपदेशक दोघांशी वेगवेगळं बोलतात आणि सही दबावाखाली झाली नाही ना, हे विचारतात. समजून-उमजून सही केलेल्या बाईला तिथे उत्तर द्यायला जड जात नाही.