पालकांचे प्रश्न: कोणता विषय सुटतोय, ते आधी बघा

यंदा आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त पत्रं एकाच धाटणीची आहेत: ‘आमच्या लेकरानं कोणता विषय घ्यावा?’ मी परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि जून-जुलैत प्रवेश समितीच्या टेबलावर बसते. त्या टेबलावर मला एक सवय लागली. फॉर्म हातात आला की मुलानं काय घेतलंय ते नंतर वाचायचं, काय सोडलंय ते आधी. पत्रं थोडी कापून दिली आहेत, नावं गाळली आहेत.

‘मॅडम, मुलगी यंदा नववीत गेली. शाळेतून चिठ्ठी आली: पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत की संयुक्त, आठ दिवसांत कळवा. जाऊबाई म्हणतात संस्कृतला पैकीच्या पैकी मिळतात. हिचे बाबा म्हणतात हिंदी नोकरीत कामी येते. आम्हा दोघांनाही संस्कृतचा स येत नाही.’ (एक आई, अहमदपूर)

ताई, आधी घोर सोडा. दहावीला हिंदी होतं की संस्कृत, हे पुढं ना इंजिनिअरिंगवाले विचारत, ना मेडिकलवाले, ना आयटीआयवाले. इथं कुठलंच दार बंद होत नाही. फरक पडतो तो टक्क्यांत. दहावीला ६ विषय आणि ६०० गुण असतात, पण टक्केवारी जास्त गुणांच्या ५ विषयांवर, म्हणजे ५०० पैकी निघते. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात ते हेच. सहावा विषय टक्क्यांतून गळतो, त्यात पास मात्र व्हावंच लागतं. म्हणून जिचं गणित कच्चं आहे तिची एखादी भाषा ९० च्या पुढं गेली तर मोठा आधार होतो.

पूर्ण संस्कृत म्हणजे ८० गुणांची लेखी आणि २० अंतर्गत. संयुक्त म्हणजे हिंदी ५०, संस्कृत ५०. जाऊबाईंचं म्हणणं खोटं नाही. शब्दरूपं, धातुरूपं, संधी, समास यांत उत्तर एकच असतं. ‘देवेन’ लिहिलं तर गुण, ‘देवेण’ लिहिलं तर गेला. शिवाय काही उत्तरं ‘माध्यमभाषया’ लिहायची असतात, म्हणजे सरळ मराठीत.

पण हे सगळं शाळेत संस्कृत शिकवणारं माणूस असेल तर. आपल्याकडं तालुक्याच्या शाळांत पुष्कळदा हिंदीच्याच सरांकडं संस्कृतचा तास असतो आणि तो गाईड वाचून उरकतो. चिठ्ठीवर सही करायच्या आधी एकदा शाळेत जा, तास कोण घेतं ते विचारा, आणि दहावीतल्या एखाद्या मुलीची वही मागून बघा. रूपांचे तक्ते लाल पेनानं तपासलेले दिसले तर डोळे झाकून संस्कृत द्या. वही कोरी किंवा गाईडातून उतरवलेली दिसली तर पूर्ण हिंदी. संयुक्ताचं मला स्वतःला फारसं कौतुक नाही. दोन पुस्तकं, दोन व्याकरणं, आणि गुण तेवढेच. हिच्या बाबांना सांगा, नोकरीपुरती हिंदी टीव्हीवरूनही येते.

‘मुलाला दहावीला ७६ टक्के पडले. विज्ञानात ८१, गणितात ५७. भावकीतली दोन पोरं लातूरला नीटचं (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं) करतात, तवा घरात सगळे म्हणतात यालाही धाडा. पोरगं म्हणतं मला शेतीचं शिकायचंय. जवळच्या कॉलेजात क्रॉप सायन्स घ्या, गुण पडतात म्हणाले. गणित ठेवावं का काढावं? पाच एकर कोरडवाहू आहे, खर्चाचा मेळ बघून सांगा.’ (एक शेतकरी, केज तालुका)

भाऊ, तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एकेक सोडवू.

आधी विषयांचा हिशोब. अकरावी-बारावी सायन्सला इंग्रजी सगळ्यांनाच असतं. त्याच्या जोडीला एक भाषा आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र हे चार. झाले ६००. (पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण वेगळे, त्यांची काळजी नको.) क्रॉप सायन्स हा द्विलक्ष्यी विषय, कॉलेजात सगळे ‘बायफोकल’ म्हणतात. तो एकटा २०० गुणांचा आहे. म्हणजे त्याला जागा करायची तर भाषा जाते आणि वरच्या चारातला एक विषय जातो. ‘गुण पडतात’ हे तुम्हाला सांगितलं, कोणता विषय गेला ते सांगितलं नाही. नेमकं तेच विचारायला हवं होतं.

जीवशास्त्र गेलं तर नीट गेली. नीट म्हणजे फक्त एमबीबीएस नाही. बीएएमएस, बीएचएमएस तिच्यातच आले. आपल्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरकीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात, आणि ती कॉलेजं परभणी आणि उदगीरला आहेत, तुम्हाला लांब नाहीत. गणित गेलं तर इंजिनिअरिंग गेलं, आणि सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या एनडीएतलं हवाई दल आणि नौदलही गेलं. बीएस्सी कृषी आणि बी.फार्मला मात्र भौतिक-रसायनच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र, कोणतंही एक चालतं. राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (गणिताच्या जागी जीवशास्त्र) अशा दोन गटांत होते, तुमच्या मुलाला त्यातला पीसीबी पुरेल.

मी गणिताची बाई, तरी सांगते: याचं गणित काढा. शेतीचं शिकायचंय, विज्ञानात ८१ आणि गणितात ५७ आहेत. जीवशास्त्र ठेवून क्रॉप सायन्स घेतलं तर कृषी, फार्मसी, जनावरांची डॉक्टरकी, मेडिकल, सगळं हाताशी राहतं आणि इंजिनिअरिंग अन् एनडीएतलं हवाई दल-नौदल तेवढं सुटतं. फक्त फॉर्म भरायच्या आधी पोराला एक गोष्ट विचारा. शेतीत त्याला काय आवडतं? पीक, रोप, कीड, की ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, ठिबकची जोडणी? दुसरं असेल तर थांबा. कृषी अभियांत्रिकीला गणित लागतं, आणि ते परभणीच्या कृषी विद्यापीठातही शिकवतात. यंत्रात रमणारी पोरं बहुधा ‘शेतीचं शिकायचंय’ एवढंच बोलतात.

उद्या मन बदललं तर? बारावीनंतर राहिलेला विषय ‘तुरळक विषय’ म्हणून बोर्डाला वेगळा देता येतो. असं मागाहून दिलेलं जीवशास्त्रही नीटसाठी धरायचं, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२३ मध्ये ठरवलं. वाट आहे, पण तिच्यात वर्ष जातं. विषय काढून टाकणं सोपं, मागून घेणं महाग.

आता लातूर. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांमुळं. आज ते नीटवर चालतं, आणि तिथं मेहनत करून घेतात यात वाद नाही. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले ३६० एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४, चुकलं की १ वजा. पेपर मराठीतूनही देता येतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. पण ज्याला स्वतःला डॉक्टर व्हायचं नाही त्यानं दोन वर्षं खोलीत बसून हे का करावं? खर्च मांडाल तर क्लासच्या फीवर थांबू नका. खोली, मेस, सराव परीक्षा, येणं-जाणं, आणि भावकीतली पोरं ज्याला ‘रिपीट’ म्हणतात ते तिसरं वर्षही धरा. पाच एकर कोरडवाहूवर मी हे बसवणार नाही.

नाव गावच्या कॉलेजात आणि मुक्काम लातूरला, ही युक्तीही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, हा नियम. आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र या तिन्हींत ३०-३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. आमचे रसायनशास्त्राचे सर सांगतात, जर्नल, म्हणजे प्रयोगवही, उतरवून आणलेलं पोरगं लगेच ओळखू येतं: ब्युरेटमधली (मापाच्या नळीतली) पातळी ते डोळ्याच्या रेषेत आणून वाचत नाही, उभ्यानं वरूनच बघतं आणि आकडा सांगतं.

सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत. २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि बाकीचे बारावीवर असतात, म्हणून ‘अकरावी आरामाची’ हे डोक्यातून काढा.

राहिला फॉर्म. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, १० पर्यंत कॉलेजं पसंतीक्रमानं टाकता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा भावकीला दाखवायला म्हणून पहिल्या नंबरावर लातूरचं नाव टाकू नका. लागलं तर काय कराल? आणि प्रत्येक कॉलेजात क्रॉप सायन्स नसतं. विषय आहे का ते फोन करून नाही, जाऊन विचारा, जमलं तर त्या विषयाच्या शिक्षकांना भेटा.

‘मुलीला सीए व्हायचंय. कॉमर्सला गणित घेऊ नको, एसपी सोपं आहे असं मैत्रिणी सांगतात.’ (एक वडील, जालना)

मैत्रिणी बारावीच्या टक्क्यांचं बोलतात, तुमची मुलगी सीएचं बोलते. एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, सोपं आहेच. पण सीए फाउंडेशनला १०० गुणांचा एक पेपर व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो, आणि त्यात चुकलं की गुण कापतात. कॉमर्सचं गणित सायन्सच्या गणिताहून वेगळं आहे: कमिशन, विमा, वार्षिकी, निर्देशांक, सगळं तिच्या कामाचं. गणित घ्या. गुणांची भर हवी असेल तर दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी मिळतंय का बघा.

‘गणित आणि इंग्रजीत पोरगा उडाला. आता वर्ष वाया?’ (नांदेड)

नाही. दहावीचे दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय मागाहून सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. जून-जुलैतल्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरा, तारीख निकालानंतर लगेचच येते. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतं, पण आधी पुरवणी देऊ द्या.

‘बहीण आठवी पास झाली आणि आईबापासंगं साखर कारखान्याला ऊसतोडीला गेली. आता १७ वर्षांची आहे. दहावी करायची म्हणते. शाळेत बसवून घेत नाहीत. १७ नंबरच्या फॉर्मनं होतं म्हणतात, खरं का? विषय कोणते घ्यावेत?’ (एक भाऊ, वडवणी तालुका)

खरं आहे. १७ नंबर म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा द्यायचा अर्ज. तिचं वय आणि आठवी पास असणं, दोन्ही चालतं. प्रमाणपत्र तेच, त्याच बोर्डाचं. पुढं आयटीआय, अकरावी, भरती, कुठंच अडत नाही.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो, तोही परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, पावसाळ्यातच. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो लागतील. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत काढा, त्याला प्रतिज्ञापत्र लागतं, त्यात दिवस जातात, म्हणून आजच जा. अर्जात एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडावी लागते. ती गावाजवळची निवडा, कारण लेखी परीक्षा बोर्ड घेतं पण तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुण ती शाळा देते. प्रत्येक विषयातले ते २० गुण आहेत. तिथल्या एखाद्या बाईंची ओळख करून ठेवा, बहिणीला महिन्यातून एकदा तरी तिकडं जाऊ द्या.

विषयांत फार खेळायला जागा नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र. संस्कृतच्या नादी लागू नका. प्रत्येक विषयात ३५ पाडायचेच, असं धरून चाला. एखादा राहिला तर पास झालेल्या विषयांत सूट मिळते, फक्त राहिलेला द्यायचा. विज्ञानाचे भाग-१ आणि भाग-२ असे दोन पेपर आहेत. भाग-२ मध्ये आनुवंशिकता, पर्यावरण, आरोग्य, आपत्ती असे धडे येतात, एकटीनं वाचून समजण्यासारखे. सुरुवात तिथून करा, बीजगणितानं नको.

खरी अडचण तारखेची आहे. दहावीची लेखी परीक्षा अलीकडं फेब्रुवारीतच सुरू होते, प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी, आणि तेव्हा कारखाने चालू असतात. फडातून सुट्टी काढून परीक्षेला येणं होत नाही. आजी किंवा चुलती गावात असेल तर बहिणीला हंगामभर तिच्याकडं ठेवा. उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, ठरताना तिला कोयत्यात, म्हणजे तोडणीच्या मजुरांत, धरू नका, एकदा धरलं की मुकादम सोडत नाही. ती बोलणी दसऱ्याच्या आधीच होतात, तेव्हा फॉर्मची पावती त्याच्याही आधी हातात असू द्या.