२६/११ च्या रात्री एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक, केंद्राचं दहशतवादविरोधी दल) कमांडोंना मुंबईत पोहोचायला उशीर का झाला, आणि नंतर काय बदललं?

विमान हाताशी नव्हतं, हे मुख्य कारण. एनएसजीचा तळ हरियाणातल्या मानेसरला, आणि जवान नेणारं आयएल-७६ विमान चंदीगडहून दिल्लीला आणावं लागलं. गोळीबार रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला. कमांडो मुंबईत उतरले पहाटे, आणि तिथून बसने दक्षिण मुंबईत. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद इथे एनएसजीची केंद्रं उघडली, गरज पडल्यास खासगी विमान ताब्यात घेण्याचा अधिकार एनएसजीच्या महासंचालकांना मिळाला, महाराष्ट्र राज्याने ‘फोर्स वन’ हे स्वतःचं कमांडो दल उभारलं. दहशतवादी गुन्ह्यांच्या तपासासाठी एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायदा डिसेंबर २००८ मध्येच झाला होता. मात्र पहिला तास आजही स्थानिक पोलिसांचाच. तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर कसाबला पकडून दिलं, तेव्हा त्यांच्या हातात नुसती लाठी होती. पोलीस ठाण्यातल्या शिपायाचं शस्त्र आणि सराव सुधारणं म्हणूनच जास्त निकडीचं.