नाव उच्चारता येत नाही, की उच्चारायचंच नाही?

अमेरिकेच्या निवडणुकांत उमेदवारांच्या नावाची टिंगल आणि त्यांच्या धर्मावरून होणारे वार, याबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ओबामांचं मधलं नाव 'हुसेन' आहेच. ते भाषणात घेतलं तर अपमान कसला?
(एक वाचक, ठाणे)

हा प्रश्न मराठी माणसाला पडणं साहजिक आहे, कारण आपल्याकडे पूर्ण नाव घेणं म्हणजे मान देणं. लग्नपत्रिकेत, शपथविधीत, सत्काराच्या शालीबरोबर तिन्ही नावं येतात. अमेरिकेत मधलं नाव एका आद्याक्षरावर भागवतात किंवा गाळूनच टाकतात. त्यामुळे तिथे एखादा वक्ता ते मुद्दाम घेतो आणि त्यावर जोर देतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना इशारा बरोबर कळतो.

फेब्रुवारी 2008 मध्ये सिनसिनाटीला जॉन मॅकेन यांची सभा होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीत ते ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी. मॅकेन येण्याआधी बिल कनिंगहॅम या रेडिओवाल्याने गर्दी तापवायला भाषण केलं आणि 'बराक हुसेन ओबामा' असं पुन्हा पुन्हा म्हटलं. मॅकेन यांना कळलं तेव्हा त्यांनी त्याच दिवशी पत्रकारांसमोर माफी मागितली. आता ताळा करून बघा. मॅकेन यांचंही पूर्ण नाव जॉन सिडनी मॅकेन होतं, पण 'सिडनी' कुणाच्या तोंडी आलं नाही. दोघांची पूर्ण नावं घेतली तर ती औपचारिकता. एकाचंच घेतलं तर तो डाव.

ओबामांना हे नाव आजोबांकडून आलं. केनियातल्या लुओ समाजातले हुसेन ओन्यांगो ओबामा हे त्यांचे आजोबा. 20 जानेवारी 2009 ला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना ओबामांनी स्वतः तिन्ही नावं उच्चारली. शब्द तेच होते, आणि त्यात कुणाला काही खुपण्यासारखं नव्हतं.

'अमुक उमेदवार मुसलमान आहे' अशी अफवा उठली आणि ती खोटी असली, तर 'नाही' एवढं सांगून भागत नाही का?
(एक वाचक, कोल्हापूर)

भागत नाही. ऑक्टोबर 2008 मधले दोन प्रसंग शेजारी ठेवले की का ते दिसतं.

10 ऑक्टोबरला मिनेसोटातल्या लेकव्हिलच्या सभेत एक बाई मॅकेनना म्हणाल्या की ओबामांवर त्यांचा भरवसा नाही, तो अरब आहे. मॅकेन यांनी मान हलवली, माइक परत घेतला आणि म्हणाले, नाही बाई, तो सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहे, नागरिक आहे, माझे त्याच्याशी मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत. त्या सभेत ओबामांची बाजू सावरल्याबद्दल त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, म्हणजे धाडस होतंच. पण वाक्याची घडण बघा: 'अरब नाही, सभ्य आहे.' जणू माणूस एका वेळी दोन्ही असूच शकत नाही.

नऊ दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल एनबीसी वाहिनीवर आले. ते स्वतः रिपब्लिकन. त्यांनी आधी सांगितलं की ओबामा ख्रिश्चन आहेत, कायमच ख्रिश्चन होते. आणि लगेच पुढे विचारलं, पण असता मुसलमान, तर काय बिघडलं? या देशात मुसलमान असणं गैर आहे का? मग त्यांनी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतल्या एका छायाचित्राबद्दल सांगितलं. इराकमध्ये मारल्या गेलेल्या तरुण सैनिकाच्या थडग्यावर आईने डोकं टेकलेलं, आणि दगडावर क्रॉस नव्हे, चंद्रकोर आणि तारा.

उत्तराचा क्रम हाच ठेवावा. एका वाक्यात वस्तुस्थिती, दुसऱ्या वाक्यात 'असता तर काय?', आणि तिसऱ्या वाक्यात पाण्याच्या, शाळेच्या, कराच्या, ज्या विषयावर वाद चालला होता त्या विषयावर परत. पहिलं वाक्य गाळलं तर लपवाछपवी वाटते, दुसरं गाळलं तर आरोपामागचा पूर्वग्रह तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. उत्तरं बहुतेक वेळा फसतात ती याच दुसऱ्या वाक्यावर, कारण तिथे आपल्याच मतदारांना दुखवायची भीती वाटते.

दुसरी चूक म्हणजे पुराव्यांचा ढीग घालणं. ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, अशीही एक अफवा होती. ओबामांच्या प्रचारयंत्रणेने जन्मदाखल्याची छोटी प्रत 2008 मध्ये दिली, सविस्तर दाखला व्हाइट हाउसने 27 एप्रिल 2011 ला दिला, तरी ओबामा अमेरिकेत जन्मले हे डोनाल्ड ट्रम्प यांच्या तोंडून जाहीरपणे यायला 16 सप्टेंबर 2016 उजाडलं. शंका कागदाबद्दल नसतेच, त्यामुळे कागदाने ती मिटत नाही.

उच्चार चुकला म्हणून लगेच 'टिंगल' म्हणणं जास्तच नाही का? फरक ओळखायचा कसा?
(दोन वाचक, नाशिक आणि बडोदा)

प्रत्येक चूक म्हणजे खोडी नाही, हे खरं. जीभेच्याही अडचणी असतात. इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ तीन अक्षरी नावात मधल्या अक्षरावर आघात द्यायला जाते, म्हणून 'कमला'चं 'कमाऽला' होतं. डेमोक्रॅटिक नेत्या कमला हॅरिस स्वतः सोपी खूण सांगतात: स्वल्पविरामाचा 'कॉमा' आणि पुढे 'ला'. आपल्या कानाला तोही उच्चार परका वाटतो, पण नाव त्यांचं आहे, तेव्हा शब्द त्यांचा अंतिम. न्यूयॉर्कचे नेते झोहरान ममदानी यांच्या आडनावाचंही तसंच. 'म्'चा उच्चार ओठांत पुरा व्हायच्या आत जीभ 'द'साठी दातांकडे निघालेली असते, म्हणून 'मनदानी' होतं. पहिल्यांदा झालं तर सोडून द्यावं.

चूक की खोडी, हे ओळखायला तीन गोष्टी बघाव्यात. दुरुस्त केल्यावर चूक राहते का? ती गर्दीसमोर, हशा मिळवण्याच्या ठिकाणी येते का? आणि त्याच माणसाला बाकीची अवघड नावं जमतात का? 'श्वार्झनेगर' हे नाव अमेरिकेने विनातक्रार पाठ केलं आणि त्या नावाच्या माणसाला कॅलिफोर्नियाचं गव्हर्नर केलं.

ऑक्टोबर 2020 मध्ये जॉर्जियातल्या मेकन इथे सेनेटर डेव्हिड पर्ड्यू यांनी ट्रम्प यांच्या सभेत हॅरिस यांचं नाव दोन-तीन तऱ्हांनी वेडंवाकडं घेतलं, मग 'मला-मला-मला' अशी शेपटी लावली आणि 'जे काही असेल ते' म्हणून सोडून दिलं. त्यांच्या बाजूने सांगितलं गेलं की उच्चार चुकला, एवढंच. पण हॅरिस आणि पर्ड्यू सुमारे पावणेचार वर्षं एकाच सभागृहात होते, अर्थसंकल्प समितीवरही एकत्र होते. तिन्ही कसोट्यांवर हे प्रकरण नापास होतं. जून 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या वादात ममदानी यांनी राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंना थांबवून आडनावाची अक्षरं एकेक करून सांगितली आणि ते नीट म्हणायला शिका असं सुनावलं. इथे दोघेही एकाच पक्षाचे, हे लक्षात ठेवा.

टिंगलीचा आणखी एक प्रकार सहसा नजरेतून सुटतो. तो म्हणजे वापरात नसलेलं नाव उकरून काढणं. रिपब्लिकन नेत्या निकी हेली यांचं जन्मनाव निमरता निकी रंधावा. 'निकी' जन्मदाखल्यावरच आहे, पंजाबी घरांत ते सर्रास असतं. जानेवारी 2024 मध्ये ट्रम्प यांनी 'निमरता' मोडूनतोडून लिहिलं, ती परकी आहे हे सुचवायला. पण 2022 मध्ये हेलींच्या विरोधी विचारांच्या एका दूरचित्रवाणी चर्चेतही तेच नाव निघालं होतं, ती आपलं मूळ लपवते हे सुचवायला. हेतू उलटा, हत्यार तेच. लुइझियानाचे माजी गव्हर्नर बॉबी जिंदाल यांना 'पीयूष' या जन्मनावाने डिवचणारे पुष्कळदा स्वतःला उदारमतवादी म्हणवतात. आपल्या बाजूच्या माणसाने केलं की विनोद आणि समोरच्याने केलं की वर्णद्वेष, हा हिशेब चालत नाही. धर्माचंही तसंच: 2017 मध्ये न्यायाधीशपदासाठी एमी कोनी बॅरेट यांची सुनावणी चालू होती, तेव्हा डेमोक्रॅटिक सेनेटर डायॅन फाइनस्टाइन त्यांना म्हणाल्या होत्या की तुमच्यात धर्ममताचा आवाज फार मोठा आहे. रोख त्यांच्या कॅथलिक असण्यावर होता.

आमच्या वहिनी इथल्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभ्या राहताहेत. त्यांचं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं. सगळे म्हणतात, सोपं अमेरिकन नाव घ्या. काय करावं?
(एक वाचक, न्यू जर्सी)

घरात, कचेरीत त्यांना आधीपासून एखाद्या लहान नावाने हाक मारत असतील, तर ते खुशाल वापरा. निवडणुकीपुरतं नवं नाव मात्र घेऊ नका. प्रतिस्पर्धी मूळ नाव शोधून काढतो आणि मग 'लपवलं का?' हा प्रश्न फुकट गळ्यात पडतो.

पहिलं काम काउंटी क्लर्कच्या, म्हणजे निवडणुकीचे अर्ज घेणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, कचेरीत. मतपत्रिकेवर टोपणनाव चालतं का, कसं लिहायचं, याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. पाठिराख्यांच्या सह्या असलेल्या उमेदवारी अर्जावरचं नाव, मतदार नोंदणीतलं नाव आणि मतपत्रिकेवर हवं असलेलं नाव एकमेकांशी जुळतं का, ते अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं घोडं इथेच अडतं.

मग स्पेलिंग. मराठीत 'ज्ञ'साठी आपण डी-एन-वाय लिहितो. अमेरिकन माणूस ते 'डिन्या' वाचतो किंवा वाचतच नाही. कायदेशीर स्पेलिंगला हात लावू नका. पत्रकावर आणि संकेतस्थळावर नावाखाली उच्चाराची एक ओळ द्या, तीही त्यांच्या ओळखीच्या शब्दांत तोडून. 'द्न्य' त्यांना जमणार नाही, तेव्हा वहिनींना चालेल असा जवळचा एकच उच्चार ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी, स्वयंसेवकांनी बाहेर तोच वापरा. नवरा एक म्हणतो, दीर दुसरं आणि दारोदार फिरणारी मुलं तिसरंच, असं झालं की निवेदकाला दोष देण्यात अर्थ राहत नाही.

वादाच्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी पोहोचा. मोठ्या अक्षरांत उच्चार लिहिलेली चिठ्ठी सूत्रसंचालकाला द्या आणि त्याच्याकडून एकदा मोठ्याने म्हणून घ्या. चिठ्ठी नुसती दिली तर ती कागदांत जाते. मंचावर पहिल्यांदा चुकलं तर एका वाक्यात दुरुस्त करा. दुसऱ्यांदा चुकलं तर अक्षरं सांगा. तिसऱ्यांदा काही बोलू नका, तोवर श्रोत्यांना कळलेलं असतं. उत्तराला मिनिट-दीड मिनिट मिळतं, त्यातली पाच सेकंद नावाला पुरे. आणि 'माझं नाव अवघडच आहे हो, सॉरी' असं हसून म्हणणं बंद. आपण भिडेखातर म्हणतो, पण त्यामुळे पुढच्या टिंगलीला परवानगी मिळते.

पत्रकांची तयारी ठेवा. 2017 मध्ये न्यू जर्सीतच, एडिसनला, स्कूल बोर्डाच्या दोन आशियाई वंशाच्या उमेदवारांच्या फोटोंवर 'हद्दपार करा' असा शिक्का मारलेली पत्रकं टपालाने घरोघर आली. दोघेही निवडून आले. त्याच मोसमात होबोकेनमध्ये महापौरपदाचे शीख उमेदवार रवी भल्ला यांच्याविरुद्ध दहशतवादाचा उल्लेख करणारं पत्रक निघालं. त्यावर प्रतिस्पर्ध्याचं नाव छापलेलं होतं, पण त्याच्याच जुन्या पत्रकात फेरफार करून ते बनवलेलं होतं आणि त्याने त्याचा निषेध केला. भल्ला जिंकले. म्हणून असं काही आलं तर आधी पाकीट जपा: टपालाचा शिक्का, घाऊक टपालाचा परवाना क्रमांक, 'खर्च कुणी केला' ही ओळ. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. न्यू जर्सीत प्रचारसाहित्यावर खर्च करणाऱ्याची ओळख छापावी लागते. ती नसेल किंवा खोटी असेल तर राज्याच्या निवडणूक कायदा अंमलबजावणी आयोगाकडे तक्रार करता येते. पुरावा हाती येईपर्यंत प्रतिस्पर्ध्यावर आरोप करू नका. आणि मूळ चित्र जसंच्या तसं व्हॉट्सॲप गटांत फिरवू नका, नाहीतर छापणाऱ्याचं टपालखर्चाचं काम आपणच फुकट करतो. दाखवायचंच तर त्यावर आडवी जाड फुली मारून दाखवा.

लाडीगोडीही जपून घ्या. 2018 च्या गणेशचतुर्थीला टेक्ससमधल्या फोर्ट बेंड काउंटीच्या रिपब्लिकन पक्षाने जाहिरात दिली: गणपतीचं चित्र आणि प्रश्न, तुम्ही गाढवाची पूजा कराल की हत्तीची? गाढव आणि हत्ती ही तिथल्या दोन पक्षांची चिन्हं. हिंदू संघटना चिडल्या, तिथले डेमोक्रॅटिक उमेदवार श्री प्रेस्टन कुलकर्णी यांनीही हरकत घेतली, आणि पक्षाने दिलगिरी व्यक्त केली. हेतू मतं मिळवण्याचाच होता. छापण्याआधी एखाद्या गणेशभक्ताला दाखवली असती तर निभावलं असतं.

आपल्याकडे धर्मावरून मत मागायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत का नाही?
(एक वाचक, पुणे)

अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या कलमात आहे की सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. पण ते बंधन सरकारवर आहे, मतदारावर नाही आणि भाषणावरही नाही. पहिल्या घटनादुरुस्तीमुळे प्रचारातल्या बोलण्याला हात लावणं तिथे फार अवघड. त्यामुळे सोक्षमोक्ष लागतो तो पक्षाच्या आत. 2019 च्या जानेवारीत टेक्ससमधल्या टॅरंट काउंटीत रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्ष शाहिद शफी यांना ते मुसलमान आहेत म्हणून काढा, असा ठराव आला. तो 139 विरुद्ध 49 मतांनी पडला. पडला हे बरं, पण 49 हा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 123(3) आहे. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 4 विरुद्ध 3 अशा मतांनी ठरवलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म, जात किंवा भाषा पुढे करून मत मागणंही त्यात येतं. नुसती नावाची टिंगल यात बसेलच असं नाही. त्यातून मत देण्याचं किंवा न देण्याचं आवाहन निघावं लागतं. निवडणूक याचिका निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात, तीही त्या निवडणुकीतला उमेदवार किंवा मतदारच करू शकतो. भाषण दुसऱ्याने केलं असेल तर त्याला उमेदवाराची संमती होती हे दाखवावं लागतं. मोबाइलवरचं चित्रण असेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि पुष्कळ तक्रारी नेमक्या तिथे लंगड्या पडतात. वेळेचं म्हणाल तर विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर 1987 ची. भाषणांवरून ती रद्द ठरवण्यावर शिक्कामोर्तब करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर 1995 चा. मधल्या काळात ती विधानसभाच संपून गेली होती.

कायदा असला तरी जो झगडा भाषेचा आणि प्रतीकांचा असतो, तो तसाच चालतो. 2006 मध्ये कीथ एलिसन हे काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून आलेले पहिले मुसलमान सदस्य ठरले आणि कुराणावर हात ठेवून शपथ घेणार म्हणाले. व्हर्जिनियाचे काँग्रेस सदस्य व्हर्जिल गूड यांनी मतदारांना पत्र लिहून धोक्याची घंटा वाजवली, त्यात बाहेरून येणाऱ्यांना आवरण्याची भाषा होती. एलिसन यांचा जन्म डेट्रॉइटचा. आणि सभागृहातली खरी शपथ सगळे सदस्य एकत्र, हात वर करून घेतात, पुस्तक नसतंच. ते येतं नंतरच्या फोटोच्या समारंभात. त्या फोटोसाठी 4 जानेवारी 2007 ला एलिसन यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली कुराणाची एक जुनी प्रत मागवली. ती अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मालकीची होती, आणि जेफरसन यांचं घर गूड यांच्याच मतदारसंघात येत होतं.